रंग देण्यापूर्वी: भिंतीतल्या खुंट्या आणि खिळे

दसऱ्याला महिनाभर राहिला की आमच्या नांदेडात घरोघर ‘दसरा काढायची’ घाई सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या गोदावरीच्या घाटाकडे निघतात, आणि एरवी घरातली काडी इकडची तिकडे न करणारा कर्ता पुरुष भिंतींकडे पाहून म्हणतो, ‘यंदा रंग द्यायला पाहिजे.’ मग रंगारी येतो. भिंतीवरून हात फिरवतो, जुन्या चुन्याचा एखादा पापुद्रा नखाने उचकटून पाहतो आणि विचारतो, ‘मालक, हे खिळे-खुंट्या ठेवायच्या का काढायच्या?’ आपण चहाची बशी तोंडाला लावता लावता सांगून टाकतो, ‘काढून टाका सगळं!’

या ‘काढून टाका’बद्दलच मला तुमच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. विषय दिसायला लहान आहे. रंग कोणता द्यावा यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. रंगाच्या आधी भिंतीतला हट्टी खिळा कसा काढावा, आणि कोणता काढूच नये, हे कोणी सांगत नाही. मी शाळेत वर्षानुवर्षे हस्तकला शिकवली, म्हणून हातोडी-पक्कड मला परकी नाही. तरीही या बाबतीत मी एक मोठी चूक केली होती. ती पुढे सांगतोच.

आधी तुम्ही आपल्या घरातल्या एखाद्या जुन्या भिंतीसमोर उभे राहा आणि नीट मोजा. मी आमच्या ओसरीतली एक भिंत मोजली. कॅलेंडरांचे अकरा खिळे निघाले, त्यांतले चार बिनडोक्याचे. आजोबांच्या वेळच्या दोन सागवानी खुंट्या, एकीवर पंचांगाची पिशवी. पाळण्याच्या दोरीची एक लोखंडी कडी. वडिलांनी वीज घेतली तेव्हा लाकडी पट्ट्यांवरून वायर नेली होती. ती पट्टी कधीच गेली, पण ती ज्या लाकडी गिट्ट्यांवर बसवली होती त्या नऊ गिट्ट्या भिंतीत तशाच. माझ्या संसारातले घड्याळाचे आणि आरशाचे प्लॅस्टिकचे प्लग. आणि मुलाने टीव्हीसाठी मारलेले चार जाडजूड बोल्ट. चार पिढ्यांनी भिंतीत काही ना काही ठोकले. काढले मात्र कोणीच नाही. वर फक्त चुन्याचे हात चढत गेले.

आता यांतला प्रत्येक प्रकार वेगळ्या रीतीने धरून बसलेला असतो, म्हणून काढायची रीतही वेगळी. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, तो ज्या भिंतीत बसला आहे ती भिंत कशाची आहे?

लातूर-नांदेडकडे एकाच गल्लीत तीन तऱ्हेच्या भिंती भेटतात. नवी घरे विटा-सिमेंटची, सळईच्या खांबांची. जुन्या पेठांतले वाडे दगड-चुन्याचे किंवा विटा-चुन्याचे. आणि खेड्यापाड्यांतली जुनी माळवदाची घरे काळ्या दगडांची, पण दगडांना धरून ठेवायला फक्त माती. वरून गिलावा आणि चुना केला की तिन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. ओळखायचे कसे? हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून ऐका. पक्की भिंत टणक बोलते. गिलावा सुटला असेल तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. मग एखाद्या नको असलेल्या खिळ्याच्या भोकात बारीक तार घालून थोडी भुकटी बाहेर काढा आणि तळहातावर घेऊन पाहा. लाल आली तर वीट, करडी आणि खरखरीत आली तर सिमेंट, पांढरी मऊ आली तर चुना. आणि तार सहज आत आत जात राहिली, मातकट, सुटी भुकटी गळू लागली, तर तिथेच थांबा. ती मातीत रचलेली भिंत आहे. तिच्याशी वागायचे नियम निराळे आहेत, आणि ते मी कसे शिकलो तेच आता सांगतो.

औसा तालुक्यात एका गावी माझी मावशी राहत असे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. आठ ते दहा हजार माणसे त्या पहाटे गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. मावशीचे गाव किल्लारीपासून बरेच अलीकडे, म्हणून घर वाचले. भिंतींना चिरा गेल्या, एका कोपऱ्याचा गिलावा पडला, इतकेच. दोन वर्षे ती अंगणातल्या पत्र्याखालीच झोपली. १९९५ च्या दिवाळीआधी तिचे मन जरा स्थिर झाले, आणि घराला रंग द्यायचे ठरले. मदतीला म्हणून मी नांदेडहून गेलो.

माजघराच्या भिंतीत डोक्याइतक्या उंचीवर एक बाभळीची खुंटी होती, मनगटाएवढी जाड. मावशी म्हणाली, ‘आरं लेकरा, ऱ्हाऊ दे की ती. तुज्या काकाचा पटका तितंच असायचा.’ पण मला भिंत साफ हवी होती. हाताने ओढली, हलेना. हातोडीने डावी-उजवी केली, हलेना. मग मी गोठ्यातून पहार आणली, तिचे टोक खुंटीच्या बुडाशी घातले आणि अंगचा सगळा भार टाकला. खुंटी आली. तिच्यामागोमाग पायलीएवढा एक दगड आला, आणि त्या भोकातून पांढरी माती आणि बारीक चिपा अशा सळसळ वाहू लागल्या, की धान्याच्या कणगीचे तोंड उघडावे. मी भोकावर दोन्ही हात धरून उभा! मातीचा झरा थांबेना, आणि वर पाहतो तो शेजारच्या दगडाभोवती केसाएवढी फट हळूहळू रुंद होत चाललेली.

मावशीने गल्लीतल्या गवंड्याला बोलावून आणले. वयस्कर माणूस, भूकंपानंतर घरे मजबूत करण्याची जी कामे निघाली होती त्यांत काम करून शिकलेला. त्याने दारातूनच पाहिले आणि म्हणाला, ‘गुरुजी, काय करलालाव हे? भिताड हाय ते, दात न्हाई उपटायला! पहार ठिवा आधी खाली.’

त्याने आधी वरच्या तुळईखाली एक बल्ली उभी करून टेकू दिला. मग भोकात ओल्या पोत्याचा बोळा कोंबला, म्हणजे माती थांबली. आणि मग जमिनीवर बसून, विडी पेटवून, त्याने मला आमचीच भिंत समजावून सांगितली. ते मी तुम्हांला माझ्या शब्दांत सांगतो.

आपल्या या जुन्या भिंती दोन फूट, अडीच फूट, कुठे कुठे त्याहूनही जाड असतात. माणसाला वाटते, जाड म्हणजे पक्की. पण ती एक भिंत नसतेच. त्या दोन भिंती असतात. बाहेरच्या बाजूने घडीव दगडांची एक, आतल्या बाजूने दुसरी, आणि मधे भर म्हणून माती, चिपा, गोटे. या दोन अंगांना जोडणारा, इकडून तिकडे आरपार जाणारा लांब दगड जागोजागी घालायला हवा. पण तसा दगड मिळायला महाग, घडवायला महाग, म्हणून तो बहुतेक घरांत घातलेलाच नसतो. पावसाळ्यागणिक मधली माती थोडी थोडी बसते, आणि एक अंग बाहेर झुकू लागते. यालाच आपण ‘भिंतीला पोट आलं’ म्हणतो. १९९३ च्या पहाटे धक्का बसताच ही दोन अंगे एकमेकांपासून सुटली आणि कोसळली. कुठल्या खिळ्याने किंवा खुंटीने ते झाले नाही, हे खरे. पण ज्या भिंतीत दगडाला दगड केवळ मातीने आणि वजनाने धरलेला आहे, तिथे पहारेचा एक हिसका म्हणजे लहानसा भूकंपच. तो आपण आपल्या हाताने का करावा?

आणि आता यातली मोठी गंमत पाहा. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम झाला, त्यात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्यासाठी जे उपाय सांगितले गेले, त्यांतला एक मुख्य उपाय म्हणजे भिंतीला भोक पाडणे! जो आरपार दगड मूळच्या गवंड्याने घातला नव्हता तो आता काँक्रीटचा घालायचा. भिंतीवर साधारण मीटर-मीटर अंतरावर खुणा करायच्या, खालच्या ओळीतली खूण वरच्या दोन खुणांच्या मधे येईल अशा. तेवढ्या जागचा गिलावा काढायचा, एका दगडाभोवतीची माती बारीक टोकाने खरवडून काढायची, आणि मग लहान पहारेने तो दगड हळूहळू डावी-उजवी, खाली-वर असा हलवत सैल करून बाहेर घ्यायचा. घाव घालायचा नाही, शेजारच्या दगडांना कळताही कामा नये. तसेच मधली भर काढत काढत पलीकडे जायचे. त्या भोकात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचे आणि दहा दिवस तरी ओले ठेवायचे. मोडकळीला आलेल्या भिंतीतून आरपार बोगदा काढायचा आणि तरी ती हलू द्यायची नाही, इतके नाजूक काम खेड्यातल्या गवंड्यांनी केले. आणि मी, एक खुंटी काढायला अख्खी भिंत हलवली.

गवंड्याने पुढे काय केले, तर माझ्याच भोकाचा उपयोग केला. ‘भोक तर पाडलंच हाय तुम्ही, आता अर्ध्यात कशाला सोडायचं,’ असे म्हणून त्याच जागेतून त्याने पलीकडचा दगड अलगद काढला आणि तिथे सळई घालून काँक्रीट भरले. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मावशी त्यावर ओले फडके बांधत असे. त्या भिंतीतली ती सर्वांत बळकट जागा झाली, असे तो म्हणायचा. माझी फजिती मात्र गावभर झाली.

तेव्हापासून मी कोणत्याही भिंतीपुढे हा एकच हिशेब करतो: ही वस्तू बाहेर काढली नाही तर माझे काय अडेल? रंगाला हवा असतो सपाट पृष्ठभाग. खुंटीचे शेपूट आत अर्धा हात राहिले काय आणि न राहिले काय, रंगाला त्याचे सुतक नाही. म्हणून मातीच्या भिंतीत खुंटी उपटायची नाही, कापायची. बारीक दातांची करवत भिंतीला आडवी लावून खुंटी बुडाशी कापा. मग छिन्नीने तिचे तोंड अर्धा इंच आत जाईपर्यंत लाकूड कोरून काढा. लाकूड टणक असेल तर तिथेच थांबा. पोकळ लागले, आतून वाळवीची माती निघाली, तर मात्र जेवढे कुजके आहे तेवढे तुकड्या-तुकड्याने काढावे लागते, नाहीतर वाळवी माळवदाच्या लाकडांपर्यंत वाट काढते.

चुन्याच्या किंवा सिमेंटच्या पक्क्या भिंतीत खुंटी काढायचीच असेल, तर ऋतू पाहा. लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. श्रावणात दोघांना न हलणारी खुंटी वैशाखात एका हाताने पिळून निघते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपली पंचाईत अशी की, आपण रंग काढतो दसरा-दिवाळीला, म्हणजे लाकूड सर्वांत जास्त फुगलेले असताना! तेव्हा खुंट्या-गिट्ट्या काढायचे काम उन्हाळ्यातच उरकून ठेवावे, आणि भोके बुजवून पावसाळाभर भिंत तशीच सोडावी. हे मी दरवर्षी ठरवतो. आजवर दोनदाच जमले.

लोखंडाची गोष्ट याच्या उलट. खिळा जुना झाला की गंजतो, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा खातो. म्हणजे खिळा भोकात आहे त्या जागी जाड होत जातो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. कधी कधी तर गिलाव्याला खिळ्याभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात त्या यामुळेच. असा खिळा सरळ ओढू नका. तो तुटेल किंवा गिलाव्याची भाकरी घेऊन येईल. आधी त्याला हातोडीचा एक हलका ठोका द्या, आत जाईल असा. काढायच्या वस्तूला आत ठोकायचे हे ऐकायला वेडेपणाचे वाटते, पण त्या ठोक्याने गंजाची पकड सुटते. मग अंबुराने (कोणी याला जंबूर म्हणतात) धरून आधी गोल फिरवा, थोडा इकडे, थोडा तिकडे. फिरू लागला की अर्धे काम झाले. ओढताना अंबुराखाली फळीचा तुकडा ठेवा, म्हणजे जोर फळीवर येतो, गिलाव्यावर येत नाही. फार हट्टी असेल तर थोडे रॉकेल किंवा गंज सोडवायचे तेल बुडाशी सोडून रात्रभर वाट पाहा. पण तेल अगदी थेंबभरच. भिंतीने तेल प्यायले तर त्या जागी चुना धरत नाही आणि रंगावर डाग उमटतो.

खिळ्याचे डोके तुटले तर चिडून भोवतालची भिंत उकरत बसू नका. एक बोथट टोकाचा खिळा त्यावर ठेवून आतला तुकडा बोटाच्या पेराएवढा आत ठोका आणि पुरून टाका. मात्र तसाच पुरला तर पुढच्या पावसाळ्यात नव्या रंगावर तांबूस डाग फुटेल. म्हणून आधी त्या टोकावर बारीक काडीने रेड ऑक्साइडचा एक थेंब लावा, वाळू द्या, आणि मग बुजवा. आणखी एक: लोखंड आत असेल तिथे थेट प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरू नका. भरायला ते सोपे, झटपट वाळते, म्हणून रंगारी तेच काढतो. पण त्याने लोखंड अधिकच गंजते.

पाळण्याच्या कड्यांबद्दल सावध राहा. जुन्या वाड्यांत कडीचे शेपूट भिंतीत खोलवर जाऊन आत दुभंगलेले किंवा वळवलेले असते. ते ओढून येण्यासाठी केलेलेच नसते. पोर पाळण्यात असताना ते येऊ नये म्हणूनच तर ते तसे केलेले. तिला हेक्सा ब्लेडने भिंतीलगत कापावे हे उत्तम. आणि कापण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, हे मी तुम्हांला अनुभवाने सांगतो.

आता गिट्ट्या आणि प्लग. या दोघांचे नाते मोठे मजेचे आहे. पूर्वी भिंतीत स्क्रू बसवायचा म्हणजे छिन्नीने चौकोनी खाच पाडायची, तिच्यात लाकडाची गिट्टी ठोकायची, आणि लाकडात स्क्रू. १९१० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची कामे करायची होती, पण भिंतींची नासाडी व्हायला नको होती. तेव्हा जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराने एक बारीक नळी काढली, तागाच्या धाग्यांची, जनावरांच्या रक्ताने चिकटवलेली. ती बारीक भोकात घालायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. नळी फुगून भिंतीला धरते. आपल्या दुकानांत ज्याला ‘रावल प्लग’ म्हणतात, त्या नावात हे रॉलिंग्जसाहेबच लपलेले आहेत. पुढे १९५८ साली जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग काढला, आणि आज आपल्या भिंतींत असतात ते त्याचेच भाऊबंद.

ही कथा सांगण्याचे कारण, प्लग कसा धरतो हे कळले की तो कसा सुटतो हेही कळते. स्क्रू पूर्ण आत असताना प्लग फुगलेला असतो. म्हणून स्क्रू आधी पूर्ण बाहेर काढा. मग तोच स्क्रू तीन-चार आटे फक्त तोंडाशी पिळा, म्हणजे मागचा भाग फुगणार नाही, आणि स्क्रूचे डोके अंबुरात धरून, खाली फळी ठेवून, सरळ ओढा. बहुतेक प्लग सुळकन येतात. स्क्रूबरोबर प्लगच गोल फिरू लागला, तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने स्क्रूच्या डोक्याखालून बाहेर रेटत फिरवा. तेही जमले नाही तर प्लगची बाहेर आलेली कड पात्याने कापा, उरलेला ठोकून आत ढकला आणि पुरा. प्लॅस्टिक गंजत नाही, फुगत नाही. त्याला पुरायला हरकत नाही.

लाकडी गिट्टी अखंड ओढायच्या भानगडीत पडू नये. ती मागे रुंद आणि पुढे निमुळती असू शकते, म्हणजे जितकी ओढाल तितकी भिंत फुटेल. बारीक छिन्नी तिच्या रेषांच्या दिशेने मधोमध ठोका, तिचे दोन उभे तुकडे करा, आणि मग तुकडे आतल्या आत मधे पाडून काढा. आणि गिट्टी म्हटली की वीज आली. पट्टी गेली तरी वायर गेली असेलच असे नाही. बटनांच्या वर-खाली सरळ रेषेत, आणि मीटरच्या आसपास, आत वायर असते असे धरूनच चाला. मेन बंद करा, आणि बंद केले आहे हे स्वतः पाहा. ‘बंद केलं, बंद केलं’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

राहिले ते टीव्हीचे बोल्ट. हे पसरणारे बोल्ट. नट आवळला की बोल्टचे निमुळते टोक बाहेरच्या नळीत ओढले जाते आणि नळी भोकात फाकते. म्हणजे ओढाल तितका हा अधिक धरतो. त्याचा स्वभावच तसा. त्याला ओढून काढणारा माणूस मी पाहिला नाही, भिंत फोडणारे मात्र पाहिले आहेत. नट काढा, बोल्टवर सरळ ठोका द्या. भोक खोल असेल तर बोल्ट आत सरकतो, नळी ढिली पडते आणि मग कधी कधी ती निघते. नाही निघाली तर भिंतीलगत कापून, ठोकून, रेड ऑक्साइड लावून पुरा. कापायला ग्राइंडर वापरणार असाल तर डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर ओले फडके हवेच. दगडाची, सिमेंटची बारीक धूळ छातीत बसते ती उतरत नाही.

आता भोके बुजवणे. इथे रंगारी आणि आपण, दोघांनाही घाई असते. भोकातली धूळ आधी जुन्या ब्रशने झटका, फुंकून काढू नका, ती डोळ्यांत येते. मग पाण्याचा हबका मारा. पाणी फार लागत नाही. लातूरकरांना तरी पाण्याची किंमत मी सांगायला नको, २०१६ साली त्यांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण तेवढा ओलावा हवाच, नाहीतर कोरडी भिंत भरलेल्या मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि मसाला डगडगीत राहतो. भरायचे काय, तर भिंतीचे जे आहे तेच. सिमेंटच्या भिंतीत सिमेंट-वाळू, चुन्याच्या भिंतीत एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, मातीच्या भिंतीत माती-भुसा आत आणि वर चुन्याचा थर. मातीच्या भिंतीत सिमेंट कोंबले तर ते भोवतालपेक्षा टणक होते, भिंत ओल घेते-सोडते तेव्हा ते तिच्याबरोबर हलत नाही, आणि दोन पावसाळ्यांत बुचासारखे निघून पडते. (गवंड्याने मावशीकडे काँक्रीट भरले ते आरपार, आकड्यांच्या सळईसह, ती गोष्ट वेगळी.) खोल भोक एका दमात भरू नये. आधी भिंतीच्या पातळीखाली अर्धा इंच राहील इतके भरा, ते वाळून आकसू द्या, मग दुसरा हात. त्यावर लांबी लावून घासा. आणि लांबीवर प्रायमरचा एक हात दिल्याशिवाय डिस्टेंपर लावू देऊ नका. नाहीतर सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक जुने भोक देवीच्या वणासारखे दिसेल.

हे सगळे वाचून तुम्ही आपल्या भिंतीकडे पाहाल, तेव्हा अजून एक बघा. तुळईच्या टोकाखाली हातभर जागा, दोन भिंती मिळतात तो कोपरा, दार-खिडकीच्या वरची ओळ, आणि जिथे चीर किंवा पोट दिसते तो सगळा भाग: मातीच्या भिंतीत या ठिकाणी काहीच काढू नका, ठोकू तर मुळीच नका. पोट आलेल्या भिंतीला रंगाऱ्याची गरज नसते, गवंड्याची असते. दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. भिंत मधे दोरीला टेकते आणि वर-खाली दूर राहते असे दिसले तर रंगाचे पैसे ठेवून द्या आणि त्या पैशांत आधी दोन-चार आरपार सळया घालून घ्या. रंग पुढच्या दसऱ्याला.

मावशीच्या माजघरात आणखी एक खुंटी होती, देवघराच्या बाजूला. ती मी तशीच ठेवली. रंगाऱ्याला सांगून तिच्याभोवती नीट हात मारून घेतला, आणि काकांचा पटका तिथे गेला. काढलेल्या खुंटीच्या जागचा गिलावा पूर्ण वाळायला तीन आठवडे लागले. त्यामुळे त्या भिंतीला पांढरा हात बसला तो दिवाळी होऊन गेल्यावर, तुळशीच्या लग्नाला.